दोहात दीर, घरात बारसं आणि टीव्हीवर क्षेपणास्त्रं: तुमच्या घरी कसं चालू आहे?

संत्राबर्फी, २५ जून २०२५, दुपारी १:४०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढावासा वाटला.

आम्ही नागपूरचे, प्रताप नगरात राहतो. घरात सासूबाई, नवरा, मी आणि चौथीतला मुलगा. धाकटे दीर बरीच वर्षं दोहाला आहेत. सोमवारी रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद लष्करी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा आमची जेवणं आटोपत होती. भाऊजींना लगेच फोन लावला. लागलाही. म्हणाले, "वहिनी, आवाज आला, खिडक्या थरथरल्या. आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये उभे आहोत. आईला फार सांगू नका." पण आईंना सांगायची गरजच नव्हती, त्या टीव्हीसमोरच बसल्या होत्या. कतारने आकाश बंद केल्याची पट्टी खाली धावत होती.

काही तासांनी आकाश उघडलं, दुसऱ्या दिवशी युद्धविरामाची बातमी आली, तिथे कोणी दगावलं नाही. भाऊजी ऑफिसला जाऊन आले. आमच्या घरातलं युद्ध मात्र थांबायला तयार नाही. टीव्ही सकाळी पूजेच्या आधी लागतो तो रात्री मी बंद करेपर्यंत. आईंचं म्हणणं, "त्याला इकडे बोलावून घ्या." पुढच्याच वाक्यात, "पण विमानाने नको." अहमदाबादच्या विमान अपघाताला अजून दोन आठवडे झालेले नाहीत, त्यामुळे त्यावर वादही घालता येत नाही.

त्यात रविवारी नणंदेच्या बाळाचं बारसं. बाराव्या दिवशी जमलं नव्हतं म्हणून ही तारीख धरली. हॉल ठरला, केटरर ठरला. आता आई म्हणतात पुढे ढकला, "तिकडे आग लागलेली अन् आपण इकडे पाळणा हलवायचा?" नणंद म्हणते, माझ्या लेकीचं नाव ठेवायला इराणची परवानगी लागते का? दोघी मायलेकी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतायत.

लेकाने काल डबा भरताना विचारलं, "काकाच्या बिल्डिंगवर पडलं तर काका फोन कसा करेल?" मी सरळ विषय बदलला.

आणि माझं म्हणाल तर रात्री सगळे झोपले की मी गाझातल्या मुलांचे फोटो बघत बसते. भाऊजी तिथे नाहीत, माझं कोणीच तिथे नाही, तरी बघते. सकाळी उठून भेंडी चिरते. तुमच्या घरी कसं चालू आहे?

---

खामला_कट्टा

वाचतोय. आमच्याकडे वडिलांनी टीव्हीचा रिमोट उशीखाली ठेवणं सुरू केलंय, यावरून समजा.

---

महालकर

सूनबाई, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

माझा थोरला भाऊ कुवेतला फोरमन होता. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. आमच्या घरी फोन नव्हता. चौकातल्या एस्टीडी बूथचा नंबर भावाजवळ होता, पण तिकडच्या लाइनीच बंद. बातमी म्हणजे सकाळचा पेपर आणि रात्रीची दूरदर्शनची बातमीपत्रं. मधला सगळा वेळ आपला. आईने त्या वेळात स्वयंपाक केला, नळाच्या पाण्यावरून भांडली, सत्यनारायणाचा प्रसादही खाऊन आली. रडली असेल तर रात्री. कोणी तिला म्हटलं नाही की तुझा लेक तिकडे अडकलाय अन् तू शिरा काऊन खाऊन राहिली.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत अशा दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे बडगे, म्हणजे पुतळे. ईडापीडा, रोगराई, महागाई, जे काही असेल ते "घेऊन जाय गे मारबत" म्हणत गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. शंभर वर्षांहून जुनी प्रथा. त्या वर्षी आई माझा हात धरून इतवारीत गर्दीत शिरली आणि मोठ्यांदा ओरडली, "कुवेतची लढाई घेऊन जाय गे मारबत!" आजूबाजूचे लोक आधी हसले. मग एका पोराने तीच आरोळी उचलली, मग दहाजणांनी. आई घरी आली ती घसा बसवूनच.

भाऊ बसने बगदादमार्गे जॉर्डनला पोचला, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी दोन महिन्यांच्या आसपास विमानं ये-जा करत होती, पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसं आणली. आमचा भाऊ त्यातला एक. नागपूर स्टेशनवर उतरला आणि विचारतो, "माझी सायकल विकली तर नाही नं?" विकली होती.

सांगायचं ते असं की सासूबाईंना टीव्ही बंद करा म्हणू नका. नाही करणार. माझ्या आईला कोणी म्हटलं असतं तर तिनेही ऐकलं नसतं. त्यांच्या हाताला काम द्या आणि ओरडायला जागा द्या. बारसं करा. पाळणा म्हणायला त्यांनाच पुढे बसवा.

---

खामला_कट्टा

महालकर काका, सायकलचं लई आवडलं.

---

स्टेथो

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नागपुरातच. घरचा सल्ला म्हणून घ्या, तपासणीची जागा हा धागा घेऊ शकत नाही.

तुमच्या मुलाचा प्रश्न चांगला आहे. त्याने काकाच्या मरणाबद्दल विचारलेलं नाही, संपर्काबद्दल विचारलंय. त्यामुळे उत्तरही तेवढंच द्या. "काकाचा फोन नाही लागला तर काका मित्राच्या फोनवरून करेल, आणि आपण त्याच्या ऑफिसात विचारू." हे त्याला पुरेल. विषय बदलला की मुलं पुढचं चित्र स्वतः रंगवतात आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. "काही होणार नाही" असं वचन देऊ नका, "आज काका ठीक आहे, काही कळलं तर मी तुला सांगेन" असं म्हणा आणि मग खरंच सांगा. सुरुवात नेहमी "तुला काय काय माहीत आहे?" इथून करा. वर्गातल्या कोणीतरी तिसरं महायुद्ध सुरू झाल्याचं सांगितलेलं असतं.

टीव्हीवर एकच इमारत दिवसभर पडत असते. आपल्याला कळतं की ती तीच आहे. अगदी लहान मुलाला दर वेळी नवी इमारत पडते.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाली. तुम्ही रात्री जे फोटो पाहता तेही या तासांमध्ये मोजा.

मुलाचं पोट वारंवार दुखणं, झोपेत दचकणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, शाळेला नकार, असं काही आठवडे राहिलं तर दाखवून घ्या. मोठ्यांसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, मराठीत बोलता येतं.

---

प्रश्नचिन्ह

सगळे फारच गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलतो.

गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यानुसार ५५ हजारांवर माणसं मेली. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, एक कोटीहून जास्त लोक बेघर झाले. इथल्या किती जणांच्या घरी सुदानसाठी जेवताना टीव्ही लागला? दोहात खिडकी थरथरली तर धागा निघतो. कारण तिथे आपला दीर आहे, आपलं विमान आहे, आपला पगार आहे. ही संवेदना नाही, ही नातेवाइकांची काळजी आहे. ती करा, पण तिला जगाचं दुःख म्हणू नका.

---

काटोलवाला

@प्रश्नचिन्ह भाऊ, ज्याचा माणूस जिथं, त्याले आधी तिथलंच दिसन. यात लाज कायची?

आता माह्यंच पाहा. मी संत्र्यावाला. आमचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. त्यायनं आयात शुल्क वाढवत नेलं तवापासून आमची कंबर मोडलीच होती. मागच्या ऑगस्टात ढाक्यात सरकार पडलं, सीमेवर ट्रक अटकले, तं आमच्या गावच्या पारावर रोज ढाक्याचीच बातमी. जे लोक कधी दिल्लीची बातमी पाहत नाई ते ढाक्याची पाहून राहिले होते. का? आंबिया बहाराचे संत्रे झाडावर होते म्हून. पण त्याच पारावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तिथं पोरं मेले म्हणते, कॉलेजातले?" अन् मंग संत्र्याचं बोलणं थांबलं. स्वार्थानं खिडकी उघडली, पण उघडली नं बाप्पा? बंद ठेवण्यापरीस बरी.

२०२२ मध्ये युक्रेनची लढाई तुमच्या घरी कुठून आली होती आठवा. सूर्यफुलाच्या तेलाच्या पिपातून आली होती. तुमच्याबी.

---

प्रश्नचिन्ह

तेलाचं मान्य. पण "खिडकी उघडली" म्हणून थांबता येत नाही, पुढे काय, हाच माझा मुद्दा आहे.

---

तेलंगखेडी

पुढे काय तर वडिलांचे फॉरवर्ड तपासणे! आमच्या बाबांनी परवा फॅमिली ग्रुपवर रात्रीच्या आकाशात तोफांचे गोळे उडतानाचा व्हिडिओ टाकला, "आत्ताचा तेहरान". पुतण्या बारा वर्षांचा. त्याने खाली लिहिलं, "आजोबा हा गेम आहे." आर्मा ३ नावाचा व्हिडिओ गेम. युक्रेनच्या वेळी त्याच गेमचे तुकडे खरी लढाई म्हणून इतके फिरले की शेवटी गेम बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा काढावा लागला होता. बाबा दोन दिवस पुतण्याशी बोलले नाहीत. आता मात्र काही टाकायच्या आधी त्यालाच दाखवतात. घरात फॅक्टचेक डेस्क उघडलाय म्हणा ना.

---

भगवा_वादळ

इराणने आधी काय केलं ते कोणी बोलणार नाही इथे. मुळात (संपादित)

---

संपादक

वरचा प्रतिसाद संपादित केला आहे. कोण बरोबर, कोण चूक यासाठी राजकारण विभागात तीन धागे चालू आहेत. या धाग्याचा आखाडा करू नये.

---

खारकीवची_आई

टोपणनावावरून कळलंच असेल. मुलगी युक्रेनमधल्या खारकीवला मेडिकलला होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे तिचा फोन आला, "आई, फटाके नाहीयेत हे." पुढचे दिवस ती हॉस्टेलच्या तळघरात. १ मार्चला कर्नाटकचा एक विद्यार्थी तिथेच मारला गेला. २ मार्चला दूतावासाने सांगितलं की मिळेल त्या मार्गाने, गरज पडली तर पायी, संध्याकाळी सहाच्या आत खारकीव सोडा आणि पिसोचिन, बबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा. ही पोरं बर्फात चालत पिसोचिनला गेली. मी इकडे मनीष नगरात गॅलरीत उभी, हातात नकाशा, आणि पिसोचिन हे नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचतेय.

संत्राबर्फी, तुमच्या भाऊजींवर तशी वेळ आली नाही आणि येऊही नये. पण आम्ही पालकांनी तेव्हा जे शिकलो ते लिहिते, कारण यातलं काहीच कुठे छापलेलं नसतं.

सगळ्यांनी फोन करू नका. आत्या, मामा, शेजारी, शाळेतल्या बाई, सगळे प्रेमाने तिला फोन लावत होते आणि तळघरात चार्जिंगला एकच बोर्ड, पोरं पन्नास. आम्ही तिसऱ्या दिवशी ठरवलं की घरातून फक्त तिच्या बाबांनी बोलायचं, ठरलेल्या दोन वेळांना, आणि बाकी सगळ्यांना त्यांनी ग्रुपवर एक ओळ टाकायची. "जेवली. तळघरात आहे. ठीक." आजी भडकली, पण तिने ऐकलं, कारण तिला मी वेगळं काम दिलं होतं. त्या ओळी ती तारखेसकट वहीत लिहून ठेवायची. ती वही अजून आहे.

पासपोर्ट, व्हिसा, विम्याची कागदं यांचे फोटो नागपुरातही असू द्या. तिथल्या भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवलेलं आहे का हे भाऊजींना आजच विचारा. तक्रार करायची वेळ आलीच तर परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे. घरात थोडी रोख आणि औषधं, पॉवर बँक भरलेली. बस. बाकी जे लोक तुम्हाला सांगतील ते टीव्हीवरून सांगतील.

मुलगी पोलंडमार्गे भारत सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानाने आली. आता या महिन्यात इराणमधून ११० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आर्मेनियामार्गे दिल्लीला उतरली ते मी पाहिलं. बहुतेक काश्मीरची पोरं, मेडिकलचीच. त्या आयांचे चेहरे पाहून मी टीव्ही बंद केला आणि दिवाणखान्याचे पडदे धुवायला काढले. काहीही कारण नव्हतं, पडदे स्वच्छच होते.

---

नागनदी

मला एक उलट बाजू सांगायचीय.

२३ सप्टेंबर २०२३. नागपूरकरांना तारीख सांगायला नको. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला, चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त, आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहायला लागला. आमच्या खालच्या मजल्यावर पहाटे छातीएवढं पाणी. जिन्यावरून बघतेय तर पुरणाच्या पातेल्याचं झाकण तरंगत दाराबाहेर निघालेलं. उभ्या महालक्ष्म्यांना पहिल्यांदा वर नेलं, मग सासऱ्यांची औषधं, मग गॅसचं पुस्तक. फ्रिज गेला तो गेलाच.

सकाळी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. रडत होता. त्याने ड्रोनवरून काढलेले व्हिडिओ पाहिले होते, रस्त्यांच्या नद्या, लष्कराच्या बोटी. "मामी, नागपूर संपलं का?" मी चिखल काढत होते. समोरच्यांकडून चहा आला होता, त्यात साखर जास्त पडली होती, त्यावरून मी अन् जाऊबाई हसत होतो. खरंच हसत होतो. त्याला ते पटेना. त्याला वाटलं मी धीर देण्यासाठी खोटं बोलतेय. त्या दिवशी शहरात माणसंही गेली, ते आम्हाला संध्याकाळी कळलं, तोवर आम्हाला फक्त आमची गल्ली माहीत होती. तो तिकडे बसून सगळं शहर बघत होता, आणि चहा तेवढा त्याला दिसत नव्हता.

म्हणून आता भाच्याला, किंवा मार्चमधल्या म्यानमारच्या भूकंपात बँकॉकला असलेल्या चुलतबहिणीला, मी आधी "काय खाल्लं?" असं विचारते. बहिणीच्या बिल्डिंगला काही झालं नव्हतं, पण तिकडे बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळताना आम्ही इथे इतक्या वेळा पाहिली की आम्हाला वाटे ती तिच्या शेजारीच असेल. ती म्हणाली, "लिफ्ट बंद आहे, तेराव्या मजल्यावर चढून जायचा कंटाळा आलाय, खाली बसून आंबा खातेय."

सासूबाईंना भाऊजींशी व्हिडिओवर बोलू द्या, पण भाऊजींना सांगा की स्वयंपाकघर दाखवा. ओट्यावर काय आहे, डाळ कोणती शिजतेय. टीव्ही ते दाखवू शकत नाही.

---

प्रश्नचिन्ह

नागनदी, हे आवडलं. माझा सुदानचा मुद्दा कायम आहे, पण तिथेही कोणीतरी डाळ शिजवत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. मला तिथले फक्त आकडे माहीत आहेत.

---

काटोलवाला

भाऊ आता हे बोलला तं चहा पाजतो तुले. काटोलले ये.

---

संत्राबर्फी, २८ जून, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

महालकर काका, आईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मारबतीपाशी त्या रडल्या, सायकलीपाशी हसल्या आणि मग म्हणाल्या, "यांची आई इतवारीतली असेल, तिकडच्या बायकांचा आवाजच तसा." त्या स्वतः बर्डीच्या.

बारसं उद्या होतंय. पाळणा आईच म्हणणार. मेन्यूत त्यांनी श्रीखंडाऐवजी साधा शिरा करायला लावला. म्हणे एवढं तरी मी कमी करणारच. नणंद तेवढ्यावर मान्य झाली. केटरर नाही झाला, त्याने चक्का आणून ठेवला होता. आता दोन्ही आहे.

स्टेथो, मुलाला तुम्ही म्हणालात तसं विचारलं. त्याला वाटत होतं की दोहा आणि तेहरान शेजारी आहेत, वर्धा-नागपूरसारखे. ॲटलास काढला, मध्ये आखात दाखवलं. मग त्याने विचारलं की गाझा कुठे आहे. बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाला, "एवढंसं?" पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. गप्प राहिले. तोही थोडा वेळ पान तसंच धरून बसला आणि मग गृहपाठाला गेला.

खारकीवची आई, भाऊजींचं नाव नोंदवलेलं नव्हतं. काल नोंदवलं. आणि वहीची कल्पना आईंना इतकी आवडली की त्यांनी जुन्या डायरीत सुरूही केलं. पहिली नोंद: "सकाळी ऑफिस. दुपारी राजमा. रात्री फोन, सर्दी झालीय." टीव्ही अजून लागतो, पण नोंद करायच्या वेळी आवाज बंद करतात.

माझ्या रात्रीच्या फोटोंचं तेवढं सुटलेलं नाही. बघू.

---

भांडेवाडी_लोकल

माफ करा, थोडं अवांतर. माझी मुलगी यंदा नीट पास झाली पण सरकारी कॉलेज मिळेल असं वाटत नाही, खाजगीची फी आम्हाला झेपणार नाही. एजंट परदेशातल्या तीन-चार देशांची नावं सांगतोय. घरात आईचा ठाम नकार, "बातम्या पाहता ना?" मुलगी हट्टाला पेटलीय. खारकीवच्या आई, तुम्ही परत पाठवाल का?

---

खारकीवची_आई

मी पाठवलं. मुलीने उरलेलं शिक्षण जॉर्जियात पूर्ण केलं. तेव्हा घरात पंधरा दिवस अबोला होता.

तुमचा प्रश्न अवांतर नाही. पण देश सुरक्षित आहे का हे एजंटला विचारू नका, तो होच म्हणेल, आम्हालाही म्हणाला होता. कागद आधी तपासा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर १२ महिने इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. परत आल्यावर इथली परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळी. यातलं एकही बसत नसेल तर देश कितीही शांत असला तरी उपयोग नाही.

मग नकाशा घ्या आणि शेजारी कोण आहे ते पाहा. जमिनीने बाहेर पडायचे किती रस्ते आहेत ते मोजा. हा हिशेब २०२१ मध्ये मी केला नव्हता, कोणीच करत नव्हतं. तुमच्या आईंना हा हिशेब करायला बसवा, त्या चांगला करतील.

मुलीचा नंबर देऊ शकते, ती बोलेल तुमच्या लेकीशी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

भांडेवाडी_लोकल

व्यनि मिळाला. आई नकाशा मागतेय, घरात फक्त महाराष्ट्राचा आहे. बर्डीला चांगला जगाचा नकाशा कुठे मिळेल, भिंतीवर लावायचा?

---

तेलंगखेडी

झाशी राणी चौकाकडे पुस्तकांची दुकानं आहेत तिथे विचारा. लॅमिनेट केलेलाच घ्या.